पुढची प्लेट कुठे आहे, शहाण्या?

ये. नको, बसू नकोस. उभाच राहा. गाडीची पुढची नंबर प्लेट कुठे आहे?

डिकीत? छान. डिकीत स्टेपनी असते, जॅक असतो, पान्हे असतात. प्लेट तिथंच ठेवायची असती तर तिच्यावर २० बाय २० मिलिमीटरचा अशोकचक्राचा होलोग्राम कोणासाठी मारलाय? जॅकसाठी? समोरून दिव्याचा झोत पडला की उजळणारी फिल्म कशाला लावलीय? स्टेपनीला रात्री वाचता यावं म्हणून?

आणि मान खाली घालू नकोस. तीही तुझी पळवाटच. दोन मिनिटं मान खाली घातली की सर आपोआप थंड होतात, हे तू पहिल्या सेमिस्टरलाच ओळखलंस. आज नाही होणार.

‘परवापर्यंत डॅशबोर्डवर ठेवली होती, सर.’ हो, पाहिली ना मी. डाव्या बाजूला, काचेला टेकवून. त्या बाजूला डॅशबोर्डच्या आत काय असतं? सांग की, तोंडी परीक्षेत घडाघडा सांगितलं होतंस. एअरबॅग. ती किती वेळात उघडते? पापणी लवायच्या आत. आणि तिच्या झाकणावर तू काय ठेवलंस? एक मिलिमीटर जाडीचा, अर्धा मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा. त्या सीटवर कोण बसतं? रविवारी आईला जोतिबाला घेऊन जातोस तेव्हा आई कुठे बसते? बोल की. आता का दातखीळ बसली?

‘मला माहीत नव्हतं’ असं म्हण, मी याच क्षणी गप्प बसतो. पण तू म्हणणार नाहीस, कारण तुला माहीत होतं. माझी सगळी तणतण त्याचीच आहे. वर्गात अशी पोरं आहेत ज्यांना बारा-तेराचा पान्हा कुठला आणि चौदा-पंधराचा कुठला हे अजून बघून सांगता येत नाही. त्यांच्यावर मी आवाज चढवतो का? नाही. उगाच घसा कशाला कोरडा करा!

तुझं तसं नाही. ती जुनी डिझेल पोलो तू जवळजवळ भंगाराच्या भावात आणलीस. इंजिन उघडलंस, टर्बो धुतलास, वायरिंगचा गुंता सोडवलास. कॉइलओव्हर बसवताना चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची चारही कोपऱ्यांत मोजलीस आणि एका कोपऱ्यात दोन मिलिमीटरचा फरक आला म्हणून गाडी पुन्हा जॅकवर घेतलीस. अलॉयचा ऑफसेट काढायला कागदावर गणित मांडलंस. इंटरकूलरचे पाइप उद्यमनगरात उभं राहून वेल्ड करून घेतलेस आणि कोन चुकला म्हणून त्या बिचाऱ्या वेल्डिंगवाल्याला कापून परत जोडायला लावलंस. हे सगळं करणारा माणूस मला सांगतो, ‘प्लेट बसवायला जागाच नाही, सर.’

जागा नाही? बंपर आभाळातून पडला का तुझ्या गाडीवर? तूच निवडलास, तूच मागवलास, तूच रंगवून घेतलास. मागवताना प्लेट कुठे येईल हा प्रश्न एकदा तरी डोक्यात आला होता का? आला होता. आणि तू तो बाजूला सारलास. कारण जागा नाही म्हटलं की काम संपतं आणि दोष बंपरावर जातो. नाचता येईना, अंगण वाकडं. फरक एवढाच की इथं अंगण तूच वाकडं करून आणलंयस.

कंपनीच्या बंपरवर प्लेट होती ना? केंद्रावर तारीख घेऊन, रांगेत उभं राहून बसवली होतीस. स्नॅप लॉकनं. ते लॉक तोडल्याशिवाय निघत नाही. निघू नये म्हणूनच तसं बनवलंय. मग बंपर बदलताना ते कोणी तोडलं? पक्कड कोणाच्या हातात होती? आणि तोडताना मनात काय होतं? ‘नंतर बघू.’ तुझ्या पिढीची सगळी कामं या दोन शब्दांत पुरलेली आहेत. आमच्याही पिढीची होती म्हणा, पण आम्ही निदान त्याला ‘मिनिमल लुक’ म्हणत नव्हतो.

बरं, एकेक सबब घेऊ. सगळ्या बाहेर काढ, आत काही ठेवू नकोस.

‘हवा अडते, सर. इंजिन तापेल.’ ही सबब मला सर्वांत जास्त झोंबली, कारण तिच्यात माझाच विषय माझ्याविरुद्ध वापरलाय. ये इकडे. बंपर उतरवलेला फोटो असेल ना फोनमध्ये? काढ. वरच्या जाळीच्या खाली, बंपरच्या बरोबर मागं हा आडवा दांडगा पट्टा दिसतोय, तो काय आहे? क्रॅश बीम. धडक बसली तर पहिला मार खाणारा. पोलादी. त्याच्यातून हवा जाते का? मग त्याच्या बरोबर समोर ५०० बाय १२० मिलिमीटरची प्लेट बसवली तर कोणती हवा अडली? जी मुळातच जात नव्हती ती? कंपनीचे इंजिनीअर प्लेटची जागा बहुतेक वेळा तिथंच का काढतात, हे तुला कधी सुचलं नाही? हवा कुठून घ्यायची आणि प्लेट कुठे ठोकायची, हे त्यांनी एकाच कागदावर ठरवलेलं असतं.

तुझा इंटरकूलर त्या बीमच्या खाली आहे, खालच्या तोंडात. तिथं प्लेट लावलीस तर मीच काढायला लावेन. पण तिथं लाव असं म्हणालंय कोण? आणि गाडी तापण्याची एवढी काळजी आहे तर त्या जाळीत अडकलेली पानं आणि मेलेले किडे कधी काढलेस? रेडिएटरच्या पंख्याचा रिले मागच्या पावसाळ्यापासून कुरकुरतोय, तो बदललास? खंबाटकी चढताना काटा वर गेला होता ना? तेव्हाही बंपरवर प्लेट नव्हतीच. मग कोणी तापवलं इंजिन?

‘बंपरला भोकं पडतील.’ अरे वा! बूस्टचा मीटर लावायला ए पिलरच्या कव्हरला भोक पाडलंस. बेस ट्यूब बसवायला डिकीच्या लाकडी फळीला चार पाडलीस. रिव्हर्स कॅमेऱ्याची वायर आणायला मागच्या दारात एक पाडलंस आणि त्यात रबरी ग्रॉमेट घालायचा विसरलास, पाणी आत येतंय ते वेगळंच. तेव्हा हात थरथरला नाही. सरकारी पत्र्यासाठी सहा मिलिमीटरची दोन भोकं म्हटलं की लगेच तुला बंपरची दया येते.

‘दिसायला बरं दिसत नाही.’ हां. आता आलास खऱ्यावर. बाकी सगळी पालखीपुढची नाचणारी मंडळी, देव हा. चेहरा बिघडतो म्हणे.

मग मला सांग, तुझ्या खोलीच्या भिंतीवर कुठल्या गाड्यांची चित्रं आहेत? जपानच्या. स्कायलाइन, सुप्रा, एनएसएक्स. योकोहामाच्या डायकोकू पार्किंगमध्ये रात्री जमणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ तू जेवताना बघतोस, आईनं मला सांगितलंय. त्या गाड्यांच्या तोंडावर काय असतं रे? नीट आठव. ३३० बाय १६५ मिलिमीटरची प्लेट. आपल्या प्लेटपेक्षा बुटकी नाही, उलट जास्त उंच, चांगली ठसठशीत. मागच्या प्लेटच्या डाव्या बोल्टवर तर सरकारी सील असतं. २०१६ च्या एप्रिलपासून तिथं प्लेटवर कव्हर घालायला बंदी आहे, अगदी पारदर्शक कव्हरसुद्धा चालत नाही. वाकवायची नाही, झाकायची नाही. २०२१ च्या ऑक्टोबरपासून नोंदलेल्या गाड्यांना प्लेट किती कलती असावी याचंही माप ठरवून दिलंय.

आणि त्या देशातले गाडी सजवणारे काय करतात? रडत बसतात? इंटरकूलरसमोर जागा नसेल तर प्लेट नियमात बसेल एवढी कडेला सरकवतात. त्यासाठी स्वतंत्र ब्रॅकेट बनवतात. त्या ब्रॅकेटच्या कडा घासतात, त्याला काळा पावडर कोट देतात, बोल्टची डोकी एका रेषेत आणतात. म्हणजे प्लेट हाही त्यांच्या कारागिरीचाच एक भाग. तू त्यांचे स्टिकर घेतलेस, त्यांच्या चाकांच्या नकला घेतल्यास, त्यांची ती एक अक्षर न कळणारी पट्टी काचेवर लावलीस. शिस्त तेवढी तिथंच ठेवून आलास. नक्कल करायचीच होती तर पूर्ण करायची होती.

आता म्हणशील, अमेरिकेत कित्येक राज्यांत पुढं प्लेट लागतच नाही. खरंय. फ्लोरिडात लागत नाही, मिशिगनमध्ये लागत नाही, पेनसिल्व्हेनियात लागत नाही. कॅलिफोर्नियात लागते, टेक्सासमध्ये लागते, न्यूयॉर्कमध्ये लागते. तू कुठल्या राज्यात राहतोस? तुझ्या आरसीवर काय लिहिलंय, एमएच ०९ की मिशिगन? मग मिशिगनचं कौतुक इथं कशाला सांगतोस? उद्या इंग्लंडमध्ये वाहनांची तपासणी कशी होते ते सांग म्हटलं तर तिथले कडक नियम मात्र तुला आठवणार नाहीत. परदेश कसा, सोयीपुरता.

कायदा मी तुला परत शिकवणार नाही, तो तुझ्या अभ्यासक्रमात होता आणि त्यात तुला चांगले गुण होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. नियम ५० वाच. पुढं आणि मागं, स्पष्ट आणि वाचता येईल अशी. नियम ५१ वाच. चारचाकीला अक्षर ६५ मिलिमीटर उंच, रेघ १० मिलिमीटर जाड, दोन अक्षरांत १० मिलिमीटर अंतर. तुझी ती आधीची प्लेट आठवते का, ज्यात आकड्यांना शेपट्या काढून ‘दादा’ वाचता येईल असं रंगवलं होतंस? तेव्हा आकडा ओढूनताणून नाव करायचं होतं, आता आकडाच नको झालाय. मधलं काही तुला जमतच नाही.

आणि मोटार वाहन कायद्याची २०१९ ची दुरुस्ती. कलम १८२-अ, पोटकलम चार. मालकानं नियमात न बसणारा फेरफार केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागं ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक फेरफारामागं, ऐकलंस? तुझ्या गाडीवर एकूण फेरफार किती, ते तूच मोज. माझी बोटं पुरणार नाहीत. त्याच वर्षी ९ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणजे तुझी गाडी आधीच काठावर उभी आहे. अशा माणसानं रस्त्यावर कसं असावं? नजरेत न भरता, गुपचूप. आणि तू काय करतोस? तोंडावरची प्लेट काढून चौकातल्या हवालदाराला लांबूनच खूण करतोस, ‘साहेब, इकडे या, आणखी बरंच आहे बघण्यासारखं.’ तो प्लेटसाठी थांबवतो. मग वाकून सायलेन्सर बघतो. मग काचेवरची फिल्म बघतो. मग चाकं फेंडरच्या बाहेर किती आलीत ते बघतो. अंगावर लंगोटीही उरू नये अशी तुझी गत व्हायची वेळ येते आणि तू संध्याकाळी मित्रांना सांगतोस की पोलीस मॉडिफाय केलेल्या गाड्यांवर खार खाऊन असतात.

‘दंड भरीन की, सर.’ हे वाक्य तू काल कँटीनमध्ये म्हणालास. मोठ्या आवाजात. चार पोरं हसली, तुला बरं वाटलं. माझ्या कानावर आलं आणि मी आजचा हा तास फक्त त्या वाक्यासाठी ठेवलाय. बाकीचं सगळं सोड, हे नीट ऐक.

दंड भरला की हिशेब मिटतो असं तुला वाटतं. कोणाशी मिटतो? प्लेट ही काय पोलिसांसाठी असते? रस्ता ओलांडणारा म्हातारा, सायकलवरून शाळेला निघालेली पोरगी, ऊस भरून चाललेला बैलगाडीवाला, यांना तुझ्या गाडीची कुठली बाजू दिसते? पुढची. धडक कुठल्या बाजूनं बसते? पुढच्या. रस्त्याकडेच्या दुकानाचा कॅमेरा गाडी येताना पकडतो तेव्हा काय पकडतो? पुढचा चेहरा. समोरच्या माणसाला तुझी ओळख सांगणारी एकच वस्तू गाडीवर असते आणि ती तू डिकीत टाकलीस.

कायद्यात ‘हिट अँड रन’ कशाला म्हणतात, माहिती आहे? गाडी पळून गेली एवढ्यावर ते ठरत नाही. जिनं अपघात केला त्या गाडीची ओळख, वाजवी प्रयत्न करूनही, पटू शकली नाही, तर तो हिट अँड रन. कलम १६१. अशा वेळी मेलेल्या माणसाच्या घरच्यांना किती मिळतात? २ लाख. गंभीर जखमीला ५० हजार. बस्स. १ एप्रिल २०२२ च्या आधी तर मृत्यूला २५ हजार आणि जखमीला साडेबारा हजार होते. मेलेला माणूस तीस वर्षांचा असो, मागं तीन लेकरं असोत, आकडा तोच.

आणि गाडीची ओळख पटली तर? मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात खटला उभा राहतो. माणसाचं वय धरतात, कमाई धरतात, त्याच्यावर किती जण अवलंबून होते ते धरतात. थर्ड पार्टी विम्यात मृत्यूच्या भरपाईला वरची मर्यादा नाही. विमा कंपनी पैसे देते, पोरांची शाळा सुटत नाही. या दोन घरांमध्ये फरक कशाचा? कोणीतरी एक नंबर वाचला की नाही, एवढाच. ६५ मिलिमीटरची अक्षरं. आता परत म्हण, ‘दंड भरीन.’ म्हण की! कँटीनमध्ये म्हणालास तसं मोठ्यानं म्हण.

‘मी थोडाच पळून जाणार आहे, सर?’ नाही रे, तू नाही जाणार. मला तसं वाटत असतं तर मी तुझ्याशी एक शब्द बोललो नसतो. पण पळून गेलेला प्रत्येक जण आदल्या दिवशी हेच म्हणत होता. रात्रीचा दीड वाजलेला असतो, शेजारी मित्र ओरडत असतो ‘चल चल, निघ’, पाय ॲक्सिलरेटरवर असतो. त्या क्षणी माणूस कसा वागेल हे त्याचं त्यालाही आधी सांगता येत नाही. आपल्या गाडीवर आपला नंबर आहे आणि तो चार जणांनी वाचलाय, हे ठाऊक असलं की पुष्कळांचा पाय ब्रेककडे वळतो. तेवढीही सोय मी तुला तुझ्याच हातानं का काढून टाकू देऊ?

आणि गाडी चोरीला गेली तर? हायवेवरचे कॅमेरे काय शोधणार, तुझ्या स्प्लिटरचा आकार? दुसरं कोणीतरी तुझा नंबर रंगवून फिरलं आणि त्याची चलनं तुझ्या मोबाइलवर यायला लागली तर ‘माझ्या गाडीवर खरी प्लेट आहे’ हे तू कोणत्या तोंडानं सांगणार? हाय सिक्युरिटी प्लेटचा नियम २००१ पासून कागदावर आहे तो याच बनवाबनवीसाठी. नव्या गाड्यांवर ती यायला १ एप्रिल २०१९ उजाडलं, जुन्या गाड्यांना आपल्याकडे मुदतीवर मुदती मिळाल्या. खालच्या डाव्या कोपऱ्यात लेसरनं कोरलेला दहा अंकांचा क्रमांक कधी वाचलायस तुझ्या प्लेटवर? वाच. तो फक्त तुझ्या त्या पत्र्याचा आहे, दुसऱ्या कुठल्याच नाही. एरवी तुला ‘लिमिटेड एडिशन’चं भारी वेड!

खरं सांगू तुझं काय दुखतंय? तुला दिसायचंय, पण ओळखू यायचं नाही. सायलेन्सर असा की गल्लीतली कुत्री उठतात. रंग असा की आंधळ्यानं वळून बघावं. रंकाळ्यावर गाडी तिरकी लावून फोटो काढतोस, त्या फोटोतही नंबर पुसतोस. सगळ्या गावानं बघावं, पण गाडी कोणाची हे कोणी लिहून घेऊ नये. पोरा, ज्याला स्वतःच्या कामाचा अभिमान असतो तो खाली सही करतो. तू रात्र रात्र जागून केलेलं काम बिनसहीचं का फिरवतोयस?

गप्प बसलास. बरं झालं. आता रडगाणं पुरे, कामाचं ऐक.

तुझ्या बंपरला मध्ये सपाट भाग नाही, नुसती जाळी आहे, हे मान्य. जाळीला प्लेट बांधायची नाही. केबल टायनं तर मुळीच नाही. उन्हात ते टाय कडक होऊन तुटतात आणि तुझी प्लेट कागलच्या आसपास रस्त्यावर पडलेली सापडेल. नुसत्या दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवरही नाही. गाडी धुताना प्रेशरचं पाणी मारतोस, तिसऱ्या धुण्याला टेप सुटेल.

तीन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी घे, प्लेटच्या लांबीची. ती क्रॅश बीमसमोर येईल अशी धर. तिला मागून दोन टेकू दे. बीमला नवीन भोक पाडायचं नाही, मेलास तरी नाही. तो जीव वाचवणारा भाग आहे. बीमवर कंपनीची रिकामी भोकं असतील ती वापर, नाहीतर पक्कं क्लँप बनव. टेकू जाळीतून पुढं काढ आणि जाळी आणि पट्टी यांच्यात बोटभर अंतर ठेव. कडेनं हवा खेळेल, तुझ्या इंजिनाचाही जीव भांड्यात पडेल.

ओढायच्या हुकाच्या भोकात बसणारं तयार ब्रॅकेट मिळतं, ते आणू का म्हणून विचारणार होतास ना? ओळखलं मी. तुझ्या गाडीच्या त्या हुकाचे आटे उलटे आहेत, डावीकडे फिरवून घट्ट होतात. हे न बघता कोणतंही ब्रॅकेट मागवलंस तर आटे खराब करशील आणि आंबा घाटात गाडी बंद पडली की ओढायला हुक लागणार नाही. शिवाय एकाच बोल्टवर लोंबणारी प्लेट खड्ड्यागणिक तिरपी होते. आणि इथं मध्ये जागा असताना कडेला लावायचं कारण काय? चौकात वाद घालायला विषय हवा म्हणून?

टेकूंना बाजूनं आधार लागला तर बंपरला दोन भोकं पाडावीच लागतील. फायबर आहे ते, कंपनीचं लवचिक प्लास्टिक नाही. जोर लावलास की वरचा थर चांदणीसारखा तडकेल. आधी मास्किंग टेप लाव, पुढून आणि मागून. पहिल्यांदा तीन मिलिमीटरचा बिट, मग सहाचा. ड्रिल फिरू दे, तू दाबू नकोस. कडेपासून निदान इंचभर आत. मागं काय आहे ते बघितल्याशिवाय बिट टेकवायचा नाही. एसीचा कंडेन्सर फुटला तर गॅस भरायचे पैसे मी देणार नाही. तोंडाला मास्क बांध, काचेची धूळ आहे ती, फुफ्फुसात गेली की सुटी घेऊन जात नाही. मागच्या बाजूला मोठा वॉशर.

बोल्ट स्टेनलेसचे, सहा एमएम, नायलॉनच्या नटसकट. स्टील आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये रबर किंवा नायलॉनचा वॉशर हवाच. दर महिन्याला मालवणला पळतोस, खाऱ्या हवेत हे दोन धातू एकमेकांना भिडले की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. कारण काय? गॅल्व्हॅनिक करोजन, सेमिस्टर तीन, तुझाच पेपर. प्लेटच्या मागं पातळ फोमची पट्टी चिकटव, नाहीतर एक मिलिमीटरचा पत्रा तुझ्या त्या सायलेन्सरच्या थरथरीनं अखंड किणकिणत राहील आणि तू पुन्हा म्हणशील, ‘आवाज येतो म्हणून काढली, सर.’

प्लेट सरळ उभी. आकाशाकडे तोंड करून नाही, डांबराकडे बघत नाही. वर धुरकट ॲक्रिलिक नाही. होलोग्रामवर फ्रेमची कड येता कामा नये. प्लेटला हवी तिथं स्वतः भोकं पाडायची नाहीत. आज बसव आणि मला दाखव. मग जिथून प्लेट घेतलीस त्या केंद्रावर जा, स्नॅप लॉक तोडलंय हे स्वतःच्या तोंडानं सांग आणि नवीन लॉक मारून घे. थोडी लाज वाटेल. वाटू दे. डिझेलचं केशरी स्टिकर काचेवर आतून डाव्या कोपऱ्यात लावलंयस की तेही अजून पाकिटातच आहे? गप्प आहेस म्हणजे पाकिटातच आहे. तेही लाव.

आणि विमा कंपनीला यातला एक तरी बदल कळवलास का? नाही ना? त्यावर वेगळा तास घ्यावा लागेल, माझा आजचा आवाज संपलाय.

जा. वर्कशॉप पाचपर्यंत उघडं आहे. पट्टी भंगाराच्या कपाटात खालच्या खणात मिळेल, बिट माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, वापरून झाले की पुसून जागेवर ठेवायचे. त्या मास्किंग टेपचा अख्खा रोल संपवू नकोस, कॉलेजचा आहे. आणि जाताना गाडी ढकलत ने, सुरू करू नकोस. शेजारच्या वर्गात परीक्षा चालू आहे आणि तुझ्या त्या सायलेन्सरबद्दल अजून मी तोंड उघडलेलं नाही.